कॅचरच्या मागे

"दोघांतला कोण, सर?"

फेगडे सरांनी मान वर केली नाही. उसवलेल्या बेसबॉलच्या शिवणीत मेण लावलेला दोरा ओवत ते म्हणाले, "तुझं ठरलंय."

"ठरलंय. तरी तुमच्या तोंडून ऐकायचं होतं."

"म्हणजे विचारायला नाही आलास. शिक्का मारून घ्यायला आलास."

हेमंत बोरोले हसला. एकेकाळी तो सरांचा पिचर होता. आता त्याच कॉलेजात प्राध्यापक आणि संघाचा प्रशिक्षक. गळ्यात शिट्टी, मनगटावर स्टॉपवॉच, काखेत फाइल.

मैदानाच्या कडेला सामानाची खोली होती, तिथेच सर दिवसभर बसायचे. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली तरी खोलीची किल्ली त्यांच्याकडेच होती, कारण फाटके चेंडू शिवायला दुसरं कोणी तयार नव्हतं. मी दाराशी बाकड्यावर होतो. खेळाचं पान लिहिणाऱ्याला अशा ठिकाणी कोणी हटकत नाही.

कॉलेजच्या फाटकावर खेळाडूंच्या अभिनंदनाचा वीस फुटी फ्लेक्स होता. आत कॅचरसाठी मास्क एकच. दोन मुलं तो आळीपाळीने घालायची, एकाचा घाम दुसऱ्याच्या तोंडाला. यावर मी तीनदा लिहिलं. फ्लेक्स तेवढा मोठा झाला.

स्पर्धा सोमवारी होती. खेळणाऱ्या नऊ जणांची नावं आजच संध्याकाळी पाचपर्यंत द्यायची होती. कॅचरची जागा एक, मुलं दोन. ओजस झोपे दुसऱ्या वर्षाला. जामसिंग पावरा शेवटच्या वर्षाला, सातपुड्यातल्या पाड्यावरून आलेला. विद्यापीठाचा संघ याच सामन्यांतून निवडणार होते. त्यात आला, तर जामसिंगला पोलीस भरतीत खेळाडूंच्या जागेवर अर्ज करता येणार होता. नाही आला, तर परीक्षा संपली की पाड्यावर परत. आणि बाकावर बसलेल्या मुलाकडे निवड समिती बघत नाही.

"ओजस दुसऱ्या बेसवर दोन सेकंदांत फेकतो," हेमंतने फाइल उघडली. "जामसिंगला सव्वादोन लागतात."

"बरं."

"आणि हे बघा. आठ सराव सामने. ओजसच्या हातून सुटलेले चेंडू तीन. जामसिंगचे चौदा."

"चौदा..."

"चौदा, सर! कॅचर म्हणजे शेवटचा माणूस. त्याच्या मागे कोणी नसतं, नुसती जाळी असते. हे तुम्हीच शिकवलंत."

"मी?"

"तुम्हीच."

"मग अर्धंच शिकवलं."

कॅचर बॅटरच्या मागे उकिडवा बसतो आणि पिचरने टाकलेला चेंडू झेलतो. चेंडू त्याला चुकवून मागे गेला, की बेसवर थांबलेले खेळाडू पळत सुटतात. दोष कोणाचा, ते कडेला बसलेला स्कोअरर ठरवतो. टाकलाच वाईट असेल तर पिचरचा. चांगला चेंडू सुटला असेल तर कॅचरचा.

सरांनी दोरा दाताने तोडला.

"चौदा कोणी लिहिले?"

"स्कोअररने."

"त्याला कोणी सांगितलं?"

"जामसिंगच छातीवर थाप मारतो. 'माझा' म्हणून ओरडतो. मग स्कोअरर काय लिहिणार?"

"आणि ओजस?"

"ओजस हात पसरून पिचरकडे बघतो. चेंडू मातीत पडला, तर पडला. खरं ते दाखवतो. त्यात वाईट काय आहे?"

"काहीच नाही."

"मग?"

"पिचर कोणासमोर बरा टाकतो?"

हेमंतने एक पान उलटलं. मग दुसरं.

"ते... लिहिलेलं नाही."

सर भिंतीला हात लावून उठले. एकतीस वर्षं त्यांनी उकिडवं बसण्यात घालवली होती. गुडघे चालताना वाजायचे. उजव्या हाताची दोन बोटं पेरांत वाकून तशीच राहिली होती. खुंटीवरचा काळपट ग्लोव्ह काढून त्यांनी डाव्या हातात चढवला आणि शिवलेला चेंडू हेमंतच्या हातात दिला.

"चल."

"कुठे?"

"पिचर होतास ना? की तेही फाइलमध्येच?"

मैदानात मुलं धावत होती. सर जाळीसमोर गेले आणि कॅचरच्या जागेवर हळूहळू खाली बसले. मास्क नाही. छातीवर पॅड नाही. अंगात धुऊन विरलेला पांढरा सदरा.

"सर, गुडघे!"

"माझे आहेत. टाक."

हेमंतने अलगद टाकला. चेंडू ग्लोव्हमध्ये येऊन बसला.

"प्रसाद वाटतोयस का?" सरांनी चेंडू परत फेकला. "एकोणीस वर्षांपूर्वी फायनलला शेवटचा टाकलास ना, तसा टाक."

हेमंतचा हात खाली आला.

तो चेंडू गावाला माहीत होता. सामना बरोबरीत, समोरच्यांचा एक खेळाडू तिसऱ्या बेसवर. हेमंतने टाकलेला चेंडू कॅचरला चुकवून जाळीपर्यंत गेला. तिसऱ्या बेसवरचा धावत घरी, म्हणजे कॅचरपुढच्या शेवटच्या बेसवर आला आणि जिंकणारी धाव झाली. संपलं. कॅचर होता सुपडू तडवी. धूळ खाली बसायच्या आत त्याने छातीवर थाप मारली होती. दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा होता, 'तडवीच्या हातून विजेतेपद निसटले'.

तो मी लिहिला होता.

हेमंत त्या वर्षी विद्यापीठाच्या संघात गेला, पुढे राज्याच्या, पुढे नोकरीत. सुपडूचं नाव त्यानंतर कुठल्याच यादीत आलं नाही. रावेरला तो केळीचे घड ट्रकमध्ये भरायचा. गेल्या भाद्रपदात वारला. मातीला सर गेले होते. हेमंतचं शिबिर होतं.

"टाक," सर म्हणाले.

"नको, सर."

"टाक म्हणतो ना!"

हेमंतने पाय उचलला आणि टाकला. जोरात. चेंडू सरांच्या पुढ्यात मातीवर आपटला, उसळला, गळ्याखालच्या हाडावर लागला आणि मागे जाळीत गेला. सर एका हातावर कलंडले.

लागल्याचा आवाज मला बाकड्यापर्यंत ऐकू आला.

मुलं जागच्या जागी थांबली. जामसिंग हातातला मास्क टाकून धावत आला. सरांनी त्याला हातानेच लांब थांबवलं. मग सावरून पुन्हा उकिडवे बसले, वाकड्या बोटांचा पंजा उघडला आणि छातीवर थाप मारली.

"माझा!"

आवाज अख्ख्या मैदानाला गेला.

"कसला तुमचा, सर!" लांबून ओजस ओरडला. "चेंडूच बेकार होता!"

कोणी हसलं नाही.

हेमंत पिचरच्या जागेवर उभा होता. हात अजून पुढेच.

"बरोबर बोलतोय तो," तो म्हणाला. "माझा होता, सर."

"कुठला?"

"आत्ताचा."

सर उठले नाहीत.

"...तेव्हाचाही."

"मोठ्याने बोल. मला लांबचं कमी ऐकू येतं."

"तेव्हाचाही माझाच होता! सुपडूने वरचा मागितला होता. बोटांनी दोनदा खूण केली. मी मानली नाही. मला त्या बॅटरला नाचवायचं होतं... मातीत गेला."

"सुपडूला हे सांगितलंस?"

"सर, सुपडू तर..."

"मला माहीत आहे. मी माती दिली त्याला."

जाळीपाशी एक कुत्रं चेंडू हुंगून निघून गेलं. चार वाजून गेले होते.

सर गुडघे धरून उठायला लागले. हेमंत धावत आला आणि त्याने त्यांना काखेत हात घालून उभं केलं. सरांच्या गळ्याखाली लाल डाग उमटत होता, सदऱ्याच्या गुंडीएवढा, मग रुपयाएवढा.

"त्याने मला एकदाही बोलून दाखवलं नाही," हेमंत म्हणाला. "बसमध्ये माझ्या शेजारी बसला होता. मला म्हणाला, हात शेकून घे, पुढच्या वर्षी लागेल."

"त्याला पुढचं वर्ष होतं?"

"नव्हतं. शेवटचं होतं."

हेमंतने फाइल उघडली. यादीवरचं ओजसचं नाव खोडलं. पेन दोनदा अडला, तिसऱ्यांदा चालला. त्याने जामसिंगचं नाव लिहिलं, खाली सही केली. डोळे पुसले आणि मोठा श्वास सोडला. डोक्यावरून ओझं उतरल्यासारखा दिसत होता. एकोणीस वर्षांचं सगळं एका ओळीत मिटलं, असा तो चेहरा होता. मला तो अजिबात आवडला नाही. माझाही त्या घटकेला तसाच झाला असावा.

"ठरलं, सर. जामसिंगच," तो म्हणाला. "असाच कॅचर पाहिजे. पोरगं सगळं आपल्या अंगावर घेतं."

"घेतं," सर म्हणाले.

जामसिंग तोपर्यंत जाळीपाशी पोचला होता. वाकून चेंडू उचलला, पँटला पुसला. त्याच्या बाहीखाली दंडावर जुने-नवे काळेनिळे डाग होते. त्याला अजून काही ठाऊक नव्हतं. सरांना लागलंय, म्हणून तो अपराध्यासारखा लांबच उभा राहिला, जणू तोही चेंडू त्याच्याच हातून सुटला होता.

सरांनी हेमंतच्या हातातली यादी घेतली. डोळ्यांजवळ धरून वाचली.

मग परत केली.

"नाव लिहिलंस, बरं केलंस. आता त्याच्या मागे कोण बसणार, तेही लिही."