नळी काढली त्या सकाळी

एकदा एका वृद्ध बालवैद्यांच्या रुग्णालयात सारजा नावाची बाई दिवस भरण्याआधीच बाळंत झाली. मुलगी जेमतेम ओंजळभर. तिला लगेच काचेच्या पेटीत ठेवावं लागलं. सारजा रोज पेटीपाशी येऊन उभी राही आणि वैद्यांची शिष्या, डॉक्टर केतकी, दिसली की विचारी, "ताई, आज घेऊ का हिला?"

"आज नको," म्हणताना केतकीचा जीव तुटे. दुधाने सारजाचा पदर भिजलेला असे आणि पोर मात्र हातभर अंतरावर, परक्यासारखी. या मायलेकींची भेट आपल्या हातून व्हावी, एवढीच आस तिला लागली होती. बाळाच्या दंडातून हृदयाजवळ पोहोचणारी बारीक नळी तिनेच मोठ्या कष्टाने बसवली होती. सलाइन आणि औषध त्याच वाटेने जाई.

पण सुधारता सुधारता बाळ मागे पडलं. थेंब थेंब दिलेलं दूधही पचेना. पोट फुगलं, अंग गार पडू लागलं, मध्येच ते श्वास घ्यायचं विसरे. दोन अँटिबायोटिक चालू होती, तरी उतार नव्हता; रक्तात जंतूही सापडले नव्हते. केतकी वैद्यांकडे धावली. "सर, आणखी जबर अँटिबायोटिक देऊया."

वैद्यांनी बाळाला उघडं करून न्याहाळलं. तोंड उघडून जिभेवरचा पांढरा थर पाहिला, मांडीच्या सांध्यातला लाल पुरळ पाहिला. पुन्हा रक्त तपासायला पाठवलं, सलाइनसाठी दुसऱ्या हाताला साधी सुई लावून घेतली, आणि केतकीच्या डोळ्यांदेखत ती बारीक नळी हळूच ओढून काढली.

"सर, हे काय केलंत! तिच्यावरच तर पोर तगून होती!"

वैद्य शांतपणे म्हणाले, "अगं, जंतूंवरचं औषध बुरशीला मारत नाही. उलट त्याने भले जंतूही मरतात आणि मोकळ्या जागी बुरशी माजते. धडधाकट बाळाच्या जिभेवर पांढरा थर आला, तर तो बहुधा साध्या औषधाने जातो. पण हे बाळ अपुऱ्या दिवसांचं, त्यात शिरेत नळी. अशा बाळाच्या रक्तात बुरशी शिरली, की ती नळीलाच चिकटून राहते. अहवालाची वाट पाहत बसलो तर उशीर होईल. शिवाय तो दर वेळी खरं सांगतोच असं नाही. तुझा सगळ्यांवर संशय गेला, नळीवर तेवढा गेला नाही. कारण ती तू बसवली होतीस."

केतकीने मान खाली घातली. बुरशीवरचं औषध तिने त्याच सकाळी सुरू केलं. पुढे अहवालातही बुरशीच निघाली.

उतार सावकाश पडला. सारजा विचारत राहिली, केतकी 'आज नको' म्हणत राहिली. कधी कधी सारजा न विचारताच परत जाई. ते केतकीला जास्त लागे.

मग एका दुपारी केतकीनेच हाक मारली, "सारजाताई, बसा इथे. पदर सैल करा." आणि तिने बाळ आईच्या उघड्या छातीवर ठेवलं.

सारजाने दोन्ही हातांनी लेकीला झाकून घेतलं. मग पुटपुटली, "ताई, वजनच नाही हो हिला," आणि तिला रडू फुटलं. केतकी तिच्या शेजारी बसून राहिली.

औषध चालू असूनही तान्हं बाळ मलूल होत गेलं, तर 'ही बुरशी तर नसेल?' असं वेळीच विचारावं; आणि शोध घेताना आपल्या हातचं कामही त्यातून वगळू नये.