मासेवाल्याची मोटरसायकल आणि पिवळा दिवा

मला सांगा, नवी वस्तू घ्यायची तर भरवसा कुणावर ठेवावा? विकणाऱ्यावर, की आधीच घेऊन बसलेल्यावर? घाईने उत्तर देऊ नका. आधी हसुरामचं ऐका.

एका बंदरावर हसुराम नावाचा एक मासेवाला होता. दर मंगळवारी मोटरसायकलवर मासळीचे दोन खोके बांधायचा, वर बर्फ घालायचा आणि घाट चढून वरच्या गावच्या बाजाराला जायचा. नऊच्या आत पोचलं तर गिऱ्हाईक आपलं. नंतर पोचलं तर मासळी मांजरांची.

होळीनंतर गाडी घाटात धापा टाकायला लागली. दुसरा एक मासेवाला त्याला वळणावर मागे टाकून जाई. तीन मंगळवार निम्मी मासळी परत आली. आणखी दोन मंगळवार असेच गेले, तर वरचा बाजार सुटणार होता.

शेजारचा दामा म्हणाला, "तालुक्याला तौफिक मेकॅनिककडे जा. सीटखाली छोटा कॉम्प्युटर असतो, इंजिनाला पेट्रोल किती द्यायचं ते तो ठरवतो. तौफिक लॅपटॉप लावून त्याचा हिशोबच बदलतो. माझी गाडी बघ, वाघ झालीय."

हसुरामची बायको जानकी कोळंबी सोलत होती. ती म्हणाली, "दामाभावजींनी सात हजार मोजलेत. आता ते वाघच म्हणणार, मांजर कशाला म्हणतील?"

"मग काय करू?"

"बाई मासा घेताना काय करते? कल्ला उचलून आत लाल आहे का बघते. तुम्हीपण उचला. काय वाढेल ते तो आपणहून सांगेल. काय कमी होईल ते विचारा."

हसुराम तालुक्याला गेला. तौफिक तिशीतला, हातात चहाचा ग्लास. वेग किती वाढेल, ओढ किती वाढेल, सगळं त्याने भराभर सांगितलं. हसुरामने विचारलं, "आणि कमी काय होईल?"

तौफिकने ग्लास खाली ठेवला. "मामा, हे कुणी विचारत नाही. पेट्रोल जास्त लागेल. ओझं घेऊन सावकाश घाट चढलात तर इंजिन तापेल. कंपनीची वॉरंटी जाईल."

"मग पाटीवर का नाही लिहीत हे?"

"तुम्ही टोपलीवर लिहिता का, मासे कालचे आहेत म्हणून?"

दोघेही हसले. पण हसुरामचं हसू लवकर विरलं. "तुझं बरोबर आहे रे. पण मला बाजार गाठायचाय."

तौफिकने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. सात हजाराचं काम समोर चालून आलं होतं. लॅपटॉप लावायचा आणि गप्प बसायचं, एवढंच. त्याने लॅपटॉप बाजूला सारला आणि सीट उचलली. खोक्यांतलं खारं पाणी झिरपून झिरपून वायरींच्या जोडावर हिरवा थर चढला होता. मग त्याने चावी फिरवली आणि मीटरवर चिकटवलेलं गणपतीचं स्टिकर नखाने सोललं. खाली इंजिनाचा बिघाड सांगणारा पिवळा दिवा जळत होता.

"हा कधीपासून लागतोय?"

"शिमग्यापासून."

"झाकलात का?"

"डोळ्यात खुपायचा रे."

"मामा, गाडी तुम्हाला महिनाभर हाक मारत होती."

त्याने जोड साफ केला, खोक्यांखाली रबरी चटई टाकायला सांगितली आणि तीनशे रुपये घेतले. "पुढच्या मंगळवारी ओझ्यासकट चढून बघा. मग पाहिजे तर या."

मंगळवारी गाडी पूर्वीसारखी चढली, वाऱ्यासारखी नाही. दुसरा मासेवाला तरीही पुढेच होता. पण हसुराम पावणेनऊला पोचला आणि त्याची नेहमीची गिऱ्हाइकं पिशव्या घेऊन उभी होती. तौफिककडे परत जायची गरज पडली नाही.

संध्याकाळी बंदरावर चारचौघांत दामाने विचारलं, "काय, केलंस ना माझ्यासारखं?"

हो म्हटलं असतं तर अब्रू राहिली असती. हसुराम म्हणाला, "नाही रे. खोट माझीच होती. धोक्याचा दिवा लागला होता, तो मीच गणपतीने झाकला."

सगळे पोट धरून हसले. दामा हसला नाही. सगळे पांगल्यावर हसुरामच्या जवळ आला आणि हळूच म्हणाला, "माझीपण घाटात तापते रे. दोनदा बंद पडली. पण सात हजार घालून बसल्यावर सांगणार कुणाला?"

तात्पर्य: भरवसा त्याच्यावर ठेवावा, जो स्वतःच्या फायद्याआधी आपल्याला खोट दाखवतो, आणि ताकद विकत घेण्याआधी आपलं दुखणं शोधावं. तुमच्याकडे मागणं एवढंच, की मिळालेलं लिहाल त्याच पानावर गमावलेलंही लिहा, हिशोब खरा ठेवा.