आईच्या डोक्याचं तेल

करडई पिकवणाऱ्या एका गावात शिदू नावाचा एक भोळा माणूस राहत होता. मंगळवारी सकाळी तो गोठा झाडत होता, तेव्हा दवाखान्यातल्या नर्सबाई आईला तपासून बाहेर आल्या. म्हणाल्या, "शिदू, आईचं विसरणं वाढलंय. तुझं नावसुद्धा तिला सांगता आलं नाही. रोज थोडं करडईचं तेल देत जा. डोक्याला चांगलं असतं म्हणतात."

शिदूला एकच हवं होतं. आईनं त्याचं नाव घ्यावं. त्यानं घाण्यावरून तेल आणलं आणि अख्खी किटली आईच्या डोक्यावर उपडी केली.

"अहो, काय हे!" बायको कौसा ओरडली. "तेल तोंडावाटे पोटात जायला हवं."

"बरं. लक्षात ठेवतो."

शनिवारी तो मारुतीला तेल घालायला गेला. मारुतीचं तोंड मिटलेलं. शिदू चमच्यानं ओठ उचकटू लागला. गुरव धावत आला. "अरे गाढवा, देव आहे तो! आधी अकरा प्रदक्षिणा घाल, मग वरून धार धर."

"बरं. लक्षात ठेवतो."

घरी येऊन त्यानं आईभोवती अकरा फेऱ्या घातल्या. आई म्हणाली, "बाबा, लग्न कुणाचं आहे?" तोवर शिदूनं धार धरली होती. कौसानं कपाळावर हात मारला. "जेवणातून द्या हो! भाकरी कुस्करा, तेल घाला, कालवा."

"बरं."

दुसऱ्या दिवशी शेजारचा आबू गाडीवान म्हणाला, "शिदू, चाक करकरतंय. जरा तेल घाल."

शिदूनं दोन भाकरी कुस्करल्या, तेलात कालवल्या आणि चाकाच्या मधल्या तुंब्यात, आसाच्या भोकात ठासल्या. बैल ओढून थकले. चाक हलेना.

"अरे शहाण्या!" आबू म्हणाला. "आधी आतलं जुनं सगळं काढायचं असतं. मग नवं तेल!"

शिदू घरी आला. कौसानं तेल घालून कालवलेली भाकरी ताटात वाढली होती. तो आईसमोर बसला. "आई, आधी जुनं सगळं काढ. मग घास देतो."

आई सांगू लागली. माहेरची विहीर सांगितली. लग्नात हरवलेलं जोडवं सांगितलं. शेवटी म्हणाली, "आणि मला एक लेक आहे. शिदू. भोळा आहे, पण माझ्याआधी जेवत नाही कधी. कुठं राहिला कुणास ठाऊक. शोधून आणता का?"

"आणतो की," म्हणत शिदू उठला.

त्यानं सगळं गाव पालथं घातलं. आबू म्हणाला, "अरे, शिदू तूच ना?"

"मी कसा असेन? मी तर तिच्यासमोरच बसलो होतो. ती म्हणाली, तो अजून आला नाही."

आणि तो पुढच्या गावाला निघाला.

आईला घास भरवायचा राहून गेला.