डगमगणारी बगळी

तळ्याला अजून नाव पडलं नव्हतं, तेव्हाची गोष्ट. धवला बगळी तिथल्या पाखरांना एका पायावर स्थिर उभं राहायला शिकवायची. एकदा खेकड्यानं तिच्या पायाचा लचका तोडला आणि ती डगमगू लागली.

"जिचा स्वतःचाच तोल जातो, ती काय शिकवणार?" टिटवी म्हणाली. सगळे शिष्य पांगले.

दुसऱ्या सकाळी धवला एकटीच उभी राहिली आणि धपकन चिखलात पडली. टिटवी खदखदून हसली.

"हस, पोटभर हस," पिसं झटकत धवला म्हणाली. "पाय माझा आहे. डगमगला तरी मी याच पायावर उभी राहणार."

ती पुन्हा उभी राहिली. इतके दिवस लाजून लांब राहिलेलं आखूड पायांचं बदक तिच्याशेजारी आलं, एक पाय उचलला आणि पडलं.

"शाब्बास!" धवला म्हणाली. "आता ऊठ."