अठरा दगडांचा पार

फार जुन्या काळची गोष्ट. एवढ्या जुन्या काळची, की तेव्हा ज्या नदीत होड्या चालत, तिथे आज लोक हरभरा पेरतात. त्या नदीच्या अलीकडे एक गाव होतं आणि पलीकडे एक गाव होतं. दोन्ही गावांना नावं होती, पण आपल्याला अलीकडचं आणि पलीकडचं एवढं पुरे.

अलीकडच्या गावाचा जीव एका खेळात अडकला होता. या खेळातला चेंडू कातड्याचा, हवा भरलेला आणि पपईसारखा लांबट. दोन्ही बाजूंना अठरा अठरा गडी. चेंडू लाथेने उडवायचा आणि समोरच्या दोन सागवानी खांबांमधून पार करायचा. तो हवेतच झेलला, तर झेलणाऱ्याला कुणी हात लावायचा नाही. त्याने निवांत उभं राहून खांबांकडे लाथ मारायची. झेलासाठी दुसऱ्याच्या पाठीवर पाय देऊन वर चढलं, तरी त्याला मुभा होती. मात्र चेंडू एकदा जमिनीवर पडला, की तो कुणाच्या बापाचं ऐकत नसे. डावीकडे जाईल म्हणावं तर उजवीकडे, नाहीतर सरळ तुमच्या नाकावर.

हा खेळ पाहून एक राजा बेहद्द खूश झाला आणि त्याने नदीकाठचं लंबगोल मैदान अलीकडच्या गावाला बक्षीस दिलं. पण राजेलोक हात सैल सोडताना एक बोट आवळूनच धरतात. त्याने शिळेवर अट कोरली. दरवर्षी सुगीनंतर पलीकडच्या गावाशी सामना खेळायचा, आणि सलग बारा वर्षं हरलात तर मैदान त्यांचं.

सलग बारा वर्षं कोण हरतं, म्हणून तेव्हा गाव हसलं होतं. आपली गोष्ट सुरू होते तेव्हा ते नऊ वर्षं हरलेलं होतं.

संघाचा वस्ताद होता गुणाजी. शिकवणाराही तोच आणि मैदानाच्या मधोमध उभा राहणारा गडीही तोच. ऐन विशीत त्याने एक झेल असा घेतला होता, की बायका जात्यावर त्याच्या ओव्या गात. आता त्याची पन्नाशी उलटली होती. ओव्या अजून गायल्या जात, पण गुणाजीला खाली बसलं की उठायला आधार लागे.

यात एकट्या गुणाजीचा दोष नव्हता. गावाची रीतच तशी होती. मैदानात अठरा जागी अठरा चपटे दगड बसवलेले होते. ज्याचा दगड, त्याची जागा. आणि दगड हलवायचा, तर तो ज्याचा त्यानेच. वस्ताद सांगू शकत नव्हता, पंच सांगू शकत नव्हते. मग कोण कशाला हलवतो? गडी म्हातारे झाले, सुटलेल्या पोटावर धोतर ठरेना, तरी दरवर्षी सगळे ऐटीत आपापल्या दगडावर जाऊन उभे राहत. कोपऱ्यातल्या हैबतीला चेंडू दिसेपर्यंत तो खांबांपार गेलेला असे. पण हैबतीचा दगड म्हणजे हैबतीचा दगड.

नवव्या हारीनंतर पलीकडच्या गावचा पाटील मैदानात उतरला आणि लांब लांब पावलं मोजत चालू लागला. खांबांपाशी थांबून म्हणाला, "हितं ऊस. आन् तितं मधी हीर खांदायची." बोलताना त्याने गुणाजीच्या दगडाकडे बोट दाखवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुणाजी एकटाच मैदानाकडे गेला. आपला दगड एकदा डोळे भरून पाहावा, एवढंच त्याच्या मनात होतं. पण मैदान रिकामं नव्हतं.

गावातली पोरंपोरी फाटका चेंडू घेऊन खेळत होती. त्यांना दगड नव्हते, जागा नव्हत्या. चेंडू जाई तिकडे सगळी पळत. गुणाजीच्या तोंडी शिवी आली, कारण असं खेळणं त्याच्या लेखी गाढवपणा होता. तेवढ्यात कुणीतरी चेंडू उंच उडवला आणि शेळ्या वळणारी तुळसा धावत आली. पुढे भिवा नावाचा थोराड पोरगा होता. तिने त्याच्या पाठीवर एक पाय ठेवला, खांद्यावर गुडघा टेकला, आणि ती वर गेली. वर, अजून वर. गुणाजीला वाटलं, ही आता खाली येणारच नाही. तिने दोन्ही हात पसरले, चेंडू अलगद पोटाशी घेतला आणि ती माती न उडवता उतरली.

गुणाजीची शिवी ओठातच राहिली. ज्या झेलावर लोक तीस वर्षं ओव्या गात होते, तो या झेलाच्या कमरेलाही लागत नव्हता, आणि हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. पोरगी तर चेंडू फेकून शेळ्यांमागे पळालीही होती.

त्याने तिला गाठून विचारलं, "पोरी, चेंडू कुटं येनार ते तुला आदी कसं कळतं?"

"कळत न्हाई, वस्ताद," तुळसा म्हणाली. "करडू कुटं उडी मारंल ते तरी कुटं कळतं? आपन नुस्तं तयार ऱ्हायाचं. एका जागी उबं ऱ्हायलं की घावत न्हाई."

गुणाजी घरी आला तो पेटूनच. बायको सगुणा त्याच्या गुडघ्यांना तेल लावायला बसली, तर तो म्हणाला, "आजच हैबतीकडं जातो. दगड उचल म्हन्तो. मग रानबाकडं. मग सगळ्यांकडं. पोरांना जागा करून द्या म्हन्तो."

सगुणा तेल चोळत राहिली. मग म्हणाली, "अवो, मधला दगड कुनाचा हाय?"

त्या दिवशी गुणाजी कुणाकडेच गेला नाही. भाकरीही अर्धीच खाल्ली.

खरं सांगायचं तर त्याला भीती वाटत होती. दगड उचलला तर उरतं काय? एक दुखऱ्या गुडघ्यांचा म्हातारा. दगडावर उभा असेपर्यंत तो ओव्यांमधला गुणाजी होता.

तिसऱ्या दिवशी सगळ्या गावासमोर तो मैदानाच्या मधोमध गेला, पहारीने दगड उकरला, दोन्ही हातांनी छातीशी धरला आणि चालू लागला. बायका रडायला लागल्या. कुणी म्हणालं, वस्तादाला वेड लागलं. त्याने दगड मैदानाकडेच्या करंजाच्या झाडाखाली ठेवला, तुळसाला हाक मारली आणि म्हणाला, "ही जागा तुजी."

महिनाभरात सोळा जणांनी दगड उचलले. कुणी हसत, कुणी शिव्या देत, एकाने तर दगडाला हळदकुंकू लावून. फक्त हैबती हटला नाही. "माजा दगड माज्या मढ्यासंगं हालंल," असं त्याने सगळ्यांना बजावलं.

पुढचा सामना अकरा महिन्यांवर होता. गुणाजीने जीव तोडून शिकवलं, पण शिकवलं ते आपल्याला येत होतं तेच. दगड निघालेल्या जागी खळगे पडले होते. त्याने एकेका पोराला एकेका खळग्यात उभं केलं आणि ताकीद दिली, "मी सांगितल्याबिगर जागा सोडायची न्हाई." पोरं गुणी होती. त्यांनी ऐकलं.

दहावा सामना पोरं अशी हरली, की मोजणाऱ्याने मोजणं सोडून दिलं. चेंडू दोन खळग्यांच्या मधे पडे आणि पलीकडचे गडी तो आरामात उचलत. एकदा तर चेंडू तुळसापासून चार पावलांवर टप्पा खात होता. ती पुढे झुकली, मग तिने वळून गुणाजीकडे पाहिलं, आणि खळग्यातच थांबली.

ती नजर गुणाजीच्या काळजात रुतली. जिने आभाळातून चेंडू आणला होता, तिचे पाय आपण मातीत पुरले, हे त्याला तिथल्या तिथे कळलं. गाव त्याला वाट्टेल ते बोललं. पोरासोरांना उतरवून अब्रू घालवली म्हणाले. त्याला त्याचं काही वाटलं नाही. शरम वाटत होती ती त्या नजरेची.

दुसऱ्या दिवशी तो नदीतून टोपल्या भरभरून माती आणू लागला आणि खळगे बुजवू लागला. दुपारी पाठीमागून धापा ऐकू आल्या. हैबती आपला दगड पोटाशी धरून उभा होता.

"काल चेंडू माज्या डोक्यावरनं गेला," हैबती म्हणाला. "माज्यामागं भिवा हुता. मी नसतो तर त्येनं झेलला असता. कुटं ठेवू ह्यो?"

गुणाजीने करंजाकडे बोट दाखवलं. अठरा दगड तिथे झाडाभोवती रचून पार झाला आणि म्हातारे त्यावर टेकू लागले.

टेकू लागले म्हणजे नुसते बसले असं समजू नका. सकाळ झाली की सगळे मैदानात उतरत आणि ओळीने, गुडघ्यांवर हात ठेवून वाकून उभे राहत. पोरं धावत येत, त्यांच्या पाठीवर पाय देत आणि वर चढत. कुठे पाय ठेवला तर तोल जात नाही, किती वाकलं तर किती उंची मिळते, हे म्हाताऱ्यांच्या पाठींना ठाऊक होतं, कारण त्याच पाठींनी ते पूर्वी कमावलेलं होतं. धावायचं कुठे, ते मात्र त्यांनी पोरांवर सोडलं. गुणाजीच्या पाठीवर तुळसाच्या टाचेचा वण उमटला. सगुणा त्यावर तेल लावी आणि हसे.

अकराव्या वर्षी पोरं हरली, पण फक्त एकाच्या फरकाने. पाटलाने त्या वर्षी पावलं मोजली नाहीत. तरी जाताना म्हणाला, "ऊस एक साल उशिरानं."

बारावा सामना पाहायला दोन्ही गावं ओस पडली. तान्ही पोरंसुद्धा कडेवर होती. शेवटचा नगारा वाजायच्या बेताला पलीकडचं गाव एकाने पुढे होतं. पाटलाने बरोबर चक्क नांगर आणून ठेवला होता.

मग भिवाने लांबून चेंडू उडवला. तो उंच गेला, वाऱ्यात डगमगला आणि खांबांसमोर उतरू लागला. खाली पलीकडचे तीन दांडगे गडी हात वर करून उभे होते, आणि त्यांच्यामागून तुळसा धावत येत होती.

पारावर गुणाजी बसला होता. तुळसाने मधल्या गड्याच्या पाठीवर पाय ठेवला त्याच क्षणी गुणाजीचे हात आपोआप गुडघ्यांवर गेले आणि तो खाली वाकला. शेजारी हैबती वाकला. रानबा वाकला. अठराच्या अठरा म्हातारे पारावर बसल्या जागी पाठ वाकवून होते, आणि प्रत्येकाला आपल्या खांद्यावर तिचा पाय जाणवत होता.

ती वर गेली. तीन दांडग्यांच्या सहा हातांच्याही वर ती होती. मावळतीचं ऊन तिच्या तोंडावर पडलं होतं आणि खाली मैदानावर तिची सावली झाडाएवढी लांब पडली होती. पाटील नांगराला टेकून उभा होता, त्याचं तोंड उघडं पडलं. त्याच्या शेजारच्या म्हातारीने कुणाला न विचारता हात जोडले. तुळसाने चेंडू पोटाशी घेतला.

खाली उतरून तिने लाथ मारली आणि चेंडू खांबांमधून गेला. बरोबरी झाली. नगारेवाल्याने टिपरू उचललं होतं, पण त्याचा हात काही केल्या खाली येईना. तो अजून वरच पाहत होता. तेवढ्यात पोरांनी चेंडू पुन्हा मिळवला आणि भिवाने तो दुसऱ्यांदा पार केला. तेव्हा कुठे नगारा वाजला.

पाटलाला भांडता आलं असतं. उशीर झाला म्हणता आलं असतं. पण तो गुणाजीजवळ आला आणि म्हणाला, "वस्ताद, म्या असं कायबी कधी बगितलं न्हवतं. हितं ऊस लावला असता तर बगायला मिळालं नसतं." आणि नांगर खांद्यावर टाकून तो होडीकडे गेला.

तुळसा धावत आली, गुणाजीच्या पाया पडली आणि म्हणाली, "वस्ताद, मागं बगितलं न्हाई म्या."

"लई ब्येस केलंस," गुणाजी म्हणाला आणि घळाघळा रडला.

पुढे पुष्कळ वर्षं गेली. तुळसाचेही गुडघे दुखू लागले. तेव्हा कुणी काही म्हणायच्या आधीच ती नदीवर गेली, एक चपटा दगड निवडून आणला, तो पारावर ठेवला, आणि दुसऱ्या सकाळी मैदानात जाऊन वाकून उभी राहिली. तेव्हापासून तीच रीत पडली. त्या गावाच्या ओव्या आज कुणाला येत नाहीत, नदीही आटली, पण करंजाभोवतीचा पार आता माणसाच्या खांद्याला लागतो, आणि समोर मैदानात पोरं खेळतात.

म्हणून लहानथोर हो, ध्यानात ठेवा: आपण उभं केलेलं आपल्यामागे टिकावं असं वाटत असेल, तर वेळेवर जागा सोडावी आणि पुढच्याला वर चढायला आपली पाठ द्यावी.