दुसऱ्याच्या नावाने आलेली हाक

घराघरांत नुकतंच वायफाय आलं होतं, तेव्हाची गोष्ट. एका घरी दिवाणखान्यात राऊटर राहायचा. शिस्तीचा भलता कडक! ओळखीचं नाव असल्याशिवाय तो कुणाचाही निरोप पुढे सोडत नसे.

मागच्या खोलीत पाळण्यावर लक्ष ठेवणारा कॅमेरा होता. त्याचा आवाज राऊटरपर्यंत नीट पोचेना, म्हणून बाळाच्या आईने, मृणालने, मधल्या पॅसेजमध्ये आवाज पुढे पोचवणारा एक्स्टेंडर लावला आणि ती खाली आपल्या शिवणाच्या दुकानात गेली.

थोड्या वेळाने बाळ जागं झालं आणि पाळण्याच्या कडेवर चढू लागलं. कॅमेऱ्याने हाक मारली. एक्स्टेंडरने ती झेलली, तिच्यावर स्वतःचं नाव घातलं आणि पुढे दिली.

"हे नाव माझ्या ओळखीचं नाही," राऊटर गुरकावला. "दुसऱ्याच्या निरोपावर आपलं नाव? लबाड कुठला!"

"दादा, हाक कॅमेऱ्याचीच आहे. माझ्या तोंडून आली, एवढंच," एक्स्टेंडर काकुळतीला आला. "बाळ पडेल हो!"

"नाही म्हणजे नाही."

तेवढ्यात टीव्हीचा निरोप बाहेर जायला आला. बाहेरचं जग या घरातल्या फक्त राऊटरला ओळखायचं, म्हणून त्याने नेहमीसारखं टीव्हीचं नाव झाकून वर स्वतःचं घातलं. आणि तो चपापला.

"आण ती हाक इकडे," तो हळूच म्हणाला. तिच्यावर आपलं नाव घालून त्याने ती बाहेर, मृणालच्या फोनकडे सोडली.

खाली शिलाई मशीन थांबलं. जिन्यावर पावलं धावत आली.

बाळाला उराशी धरून मृणाल कॅमेऱ्याला म्हणाली, "बरं झालं बाबा, तू हाक मारलीस!"

बाकी दोघांचं नाव तिने घेतलंच नाही. त्यांचे दिवे मात्र कितीतरी वेळ आनंदाने लुकलुकत होते.