स्वतःचा पिंड

“हा निरोप उद्या आला असता तर, स्वामी?”

“तर उद्या आला असता.”

“तसं नाही. उद्या आला असता तर मी तो ऐकलाच नसता.”

केदारस्वामी नदीच्या पायरीवर पाय पाण्यात सोडून बसले होते. त्यांनी मान वळवली नाही.

श्रीपादचं म्हणणं खरं होतं. उद्या सूर्योदयाला त्याचा संन्यास होता. संन्यास घेणाऱ्यानं आधी स्वतःच्या हातानं स्वतःचं श्राद्ध घालायचं असतं. एकदा तो पिंड ठेवला की तो कुणाचा मुलगा नाही, कुणाचा भाऊ नाही. मेलेल्या माणसाला निरोप कोण सांगणार?

दहा वर्षं तो या दिवसाची वाट बघत होता. तिथी त्यानं स्वतः काढली होती, पंचांग तीनदा उलटून. सगळ्या मठात त्याच्याइतकं पाठांतर कुणाचं नव्हतं, आणि हेही त्याला चांगलं पाठ होतं.

आणि नेमका आदल्या दिवशी सकाळी कोकणातून घाट चढून गावचा एक शेजारी आला. पडवीत टेकला आणि एका दमात सांगून मोकळा झाला.

“दादा माडावरसून पडलो. कमरेखाली काय कळणा नाय त्येका. वैनीन सांगल्यान, येवक जमला तर ये.”

दादा म्हणजे श्रीपादचा थोरला भाऊ. घरात वहिनी, दोन लहान मुली, म्हातारी आई आणि रोज पाणी मागणारी पोफळीची बाग. हाताशी दुसरं कुणी नाही.

शेजारी अजून पडवीतच बसला होता. श्रीपाद तिथून उठून नदीवर आला होता.

“मी देवासाठी सगळं सोडायला निघालो,” तो म्हणाला, “आणि देवच आडवा येतो?”

“सगळं सोडलंस?”

“सगळं.”

“मग ही उद्याची तिथी कुणाची?”

पण इतक्यात हार मानणाऱ्यातला श्रीपाद नव्हता.

“मग श्राद्ध आजच घालतो. आत्ता. पिंड ठेवला की मी कुणाचा भाऊ राहत नाही. निरोपाचा प्रश्नच मिटतो.”

स्वामी रागावतील असं त्याला वाटलं होतं. रागावले असते तर वाद तरी घालता आला असता.

“घाल,” स्वामी म्हणाले.

भात शिजला. तीळ आले, दर्भ आला. श्रीपादनं देवांचं श्राद्ध केलं, ऋषींचं केलं, पितरांचं केलं. वडिलांचं नाव घेतलं, आजोबांचं, पणजोबांचं. आवाज खणखणीत होता, एक अक्षर चुकलं नाही. सगळ्यात शेवटी त्यानं स्वतःचं नाव घेतलं आणि स्वतःचा पिंड नदीकाठच्या खडकावर ठेवला.

त्या मठात एक जुनी रीत होती. घरोघरी दहाव्याला बघतात तशीच संन्याशाच्या पिंडालाही कावळा शिवायची वाट बघायची. शिवला म्हणजे माणसाचं मागे काही राहिलं नाही.

उंबरावर सात-आठ कावळे होते. एक खाली उतरला. पिंडाभोवती फिरला आणि हातभर अंतरावर जाऊन बसला.

बराच वेळ गेला...

“लोक अशा वेळी काय करतात?” स्वामींनी विचारलं.

“गेलेल्याची काय इच्छा राहिली असेल ती ओळखतात. आम्ही पुरी करू, असं मोठ्यानं सांगतात.”

“मग सांग.”

“मी कसं सांगू? गेलेला मीच, आणि मागे राहिलेलाही मीच.”

“मग तर सोपं झालं. विचारायला लांब जायला नको.”

श्रीपादनं हात जोडले. “माझी कसलीही इच्छा उरलेली नाही.”

कावळ्यानं चोच दगडावर घासली.

“देवाची इच्छा तीच माझी इच्छा.”

कावळा उडाला आणि परत उंबरावर जाऊन बसला. नेमकं हेच वाक्य ऐकून त्यानं जावं, हे श्रीपादला फार लागलं.

आता एकच उपाय उरला होता. खरा कावळा शिवत नसेल तर दर्भाचा कावळा करतात आणि तो पिंडाला टेकवतात. शास्त्राला ते चालतं. श्रीपादनं चार काड्या घेतल्या, गाठ मारली, चोच वळवली.

“हा टेकवू, स्वामी?”

“टेकव. तुझ्या हातचा आहे. तू म्हणशील तेव्हाच येईल, म्हणशील तिथंच बसेल.”

श्रीपादचा हात पुढे गेला... आणि थांबला.

मग बोटं सैल झाली, गवताचा कावळा पाण्यात पडला आणि वाहून गेला.

“दादा दर वर्षी मठात नारळ पाठवतो,” तो हळूच म्हणाला. “मी दहा वर्षांत दोन ओळींची चिठ्ठी नाही लिहिली. चिठ्ठी म्हणजे मोह, असं वाटायचं मला.”

वाहत जाणाऱ्या काड्यांकडे तो बघत होता.

“जायला हवं, हे मला सकाळीच कळलं होतं. त्या माणसाचं बोलणं संपायच्या आधीच कळलं होतं. पण भीती वाटते, स्वामी. इथं पहाटे डोळे मिटले की देव भेटतो. तिथं पहाटे उठून बागेला पाणी लावायचं. दादाला कूस बदलून द्यायची, त्याचं सगळं हातानं काढायचं. दहा वर्षांत जे जमवलं ते दहा दिवसांत जाईल...”

तो स्वामींकडे वळला.

“तिथं तो असेल का, स्वामी?”

आणि तो लहान पोरासारखा रडायला लागला. पाठ केलेल्यातली एक ओळसुद्धा मदतीला आली नाही.

स्वामी उठले. ओल्या पायांनी खडकापर्यंत गेले. पिंड उचलला, वर चढलेल्या मुंग्या फुंकर मारून उडवल्या. पिंड केळीच्या पानात नीट बांधला आणि श्रीपादच्या हातात ठेवला.

श्रीपाद दचकून मागे सरला. हातातली पुरचुंडी त्यानं अंगापासून लांब धरली.

“स्वामी, हा पिंड आहे... माझा!”

“भात आहे,” स्वामी म्हणाले. “घाट मोठा आहे. भूक लागली की खा.”